शंभराला त्र्याण्णव

डाळज,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. नागेश यास,

पत्राच्या डोक्यावर अनेक आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. या वेळी लिहीत नाही. शिल्लक ठेवलेत. खर्च करायचे की नाही, ते तुझ्या वागण्यावर ठरवीन.

बापाचा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. तुझ्या आईच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण सरूला मध्ये घ्यायचं नाही. रजिस्टर पत्र आहे, जळोचीच्या बंगल्यावर पोस्टमनसमोर तुला सही करून घ्यावं लागेल. मग वाच, नाहीतर फाड.

दिवाळीच्या पाडव्याला तू मला जेवायला बोलावलंस. सुकन्याच्या माहेरची अकरा माणसं पंगतीला. श्रीखंड वाढून झालं आणि तू मोबाईल काढून आकडे वाचायला लागलास. जूनला अ‍ॅव्हरेज तेरा. जुलैला तेरा. सप्टेंबरपासून साडेअकरा. कंपनी सतरा सांगते, तू स्वतः चालवलीस तेव्हा साडेपंधरा दिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालास, "रोजचं तीन-साडेतीन लिटर डिझेल जातंय कुठं, तात्या?"

पिकअप तुझी, कर्ज तुझं, फक्त स्टिअरिंग माझं. दीड वर्ष मी ते एक पैसा न घेता धरलं. मी एवढंच म्हणालो, "चल आत्ता डाळजला, बिरोबाच्या देवळात. भंडारा उचलतो." आपल्यात भंडारा हातात घेऊन खोटं बोललेला माणूस मी साठ वर्षांत पाहिलेला नाही. ते तुलाही ठाऊक आहे. आणि तू काय म्हणालास?

"भंडारा उचलून अ‍ॅव्हरेज वाढत न्हाय, तात्या. चावी द्या."

तुझा सासरा हसला. तोंडात घास होता तरी हसला. मी चावी ताटाशेजारी ठेवली आणि उठलो. एसटीनं घरी आलो.

आता माझं ऐक. त्याच देवळात, चार माणसांसमोर तुला उभा करीन, आणि तुझ्या तोंडानं वदवून घेईन की माझा बाप चोर नव्हता. तोवर मी मरत नाही, तेवढी काळजी करू नकोस.

तुझा बाप,
बिरदेव


डाळज,
३ डिसेंबर २०२४

नागेश,

पोचपावती आली. तुझी सही बघितली. घाईत केलेली दिसते, पण केलीस. म्हणजे वाचतोस.

तुला आकडे आवडतात, तर घे. गाडी आणली त्या आठवड्यात तू स्वतः चालवून बघितलीस. कशी? रविवारी सकाळी, रिकामी, शेजारी सुकन्या, भिगवणवरून हायवेला लागून थेट टेंभुर्णी. वेग पंचावन्न. ना ब्रेक, ना गिअर. वाटेत एकदा चहाला थांबलात तेवढंच. फुल्ल टाकी केलीस, आल्यावर पुन्हा फुल्ल केलीस, भागाकार केलास आणि साडेपंधरा आलं. ते तू दगडावर कोरून ठेवलंस. अरे, रिकाम्या पोटी पळायला कुणीही पळेल.

माझा दिवस बघ. सकाळी भिगवणला मासळी भरायची. माशांपेक्षा बर्फ जड. तो बारामतीपर्यंत निम्मा वितळून रस्त्यावर सांडणार, पण वाहायचा तर सगळाच. तिथून पशुखाद्याची चाळीस पोती, म्हणजे दोन टन. गाडीचं पासिंग दीड टनाचं. पोती घेऊन सोमेश्वरनगरकडं वळलो की पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतोय, ड्रायव्हरनं गाणी एवढ्या मोठ्यानं लावलीत की हॉर्न ऐकू जात नाही. त्याच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये चार चार किलोमीटर. वर तू मागं उंच पिंजरा बसवलास, त्यावर तुझ्या नावाचा फलक. वारा त्याला अडतो आणि डिझेल मला लागतं. अशा गाडीनं तेरा दिलं तर तिची पूजा करायला पाहिजे.

तू म्हणशील, तेराचं ठीक, पण सप्टेंबरपासून साडेअकरा का? मलाही ते कोडंच आहे. ते कळत नाही, म्हणूनच चिडलोय. सप्टेंबरात तू टायर बदललेस, उंच घेतलेस, गाडी पैलवानासारखी दिसायला लागली. मलाही आवडली. गाडी चालवली तशीच, रस्ता तोच, हात तोच. तरी दीडनं खाली आली. मी नाही खाल्लं. मग कुणी खाल्लं, ते शोधून काढीन.

तू रतनला ठेवलंस असं कळलं. प्रयागबाईचा रतन. सरळ माणूस आहे, दोन लेकींचा बाप आहे. क्लचवर पाय हलका ठेवायला मीच शिकवलंय त्याला. आता त्याचं अ‍ॅव्हरेज लिहून ठेव. त्याचंही साडेअकराच येईल. मग तुझं तोंड मला बघायचंय.

बिरदेव


डाळज,
९ जानेवारी २०२५
(हे पोस्टात टाकायचं नाही.)

नागेश,

सापडलं.

काल इंदापूरला डोळे दाखवायला जायचं होतं. रतन पोती घेऊन त्याच बाजूला निघालेला, म्हणाला, "बसा की तात्या, म्होरं एका पोल्ट्रीवर माल टाकायचाय, येताना तुमास्नी डॉक्टरकडं सोडतो." बसलो. आपल्याच गाडीत, डाव्या बाजूला, पाहुण्यासारखा.

मला एक खोड आहे, ती तुला माहीत नाही. लहानपणी तुझ्या आजोबांबरोबर मेंढरं घेऊन ह्याच रस्त्यानं जायचो. आजोबा माझ्या खिशात खडे घालायला लावायचे. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड आला की एक खडा. मेंढरं किती चालली, आता पाणी कुठं दाखवायचं, ते खड्यांवर ठरायचं. एकदा मी एक खडा विसरलो, तर कोकरं पाण्याआधीच बसली. त्या दिवशी जो मार खाल्ला, तेव्हापासून दगड दिसला की मोजायला एक बोट मुडपतो. गाडी चालवताना नजर पुढं असते, म्हणून दीड वर्ष मोजायचं राहून गेलं. काल हात रिकामे होते.

तीस दगड झाले. सहज मीटरकडं बघितलं. निघताना रतननं मीटर शून्यावर केलं होतं, तुझ्या हुकमानं तो प्रत्येक खेपेला करतो. मीटरवर अठ्ठावीस.

वाटलं, डोळे गेलेत, डॉक्टरकडं चाललोय ते बरंच आहे. येताना पुन्हा मोजले. रतन विचारतो, "काय पुटपुटताय?" म्हटलं, जप करतोय. पुन्हा तीस दगड, पुन्हा अठ्ठावीस.

डोळे दाखवून रतनच्याच गाडीनं घरी आलो. गाडीचं एक जुनं टायर आपल्या अंगणात पडलंय, त्यावर सरूची कोंबडी बसते. कोंबडी उठवली, टायरवर खडूची खूण केली, एक पुरा फेरा लोळवलं आणि जमीन सुतळीनं मोजली. मग रतनला म्हटलं गाडी हळूच पुढं घे, खूण फिरून खाली येईपर्यंत. ती जमीनही मोजली. नव्या टायरचा एक फेरा आठ बोटं जास्त पडला. आता तुझ्या इंग्रजी शाळेतल्या डोक्यानं विचार कर. मीटर बिचारं जुन्या चाकाच्या हिशोबानं फेरे मोजतंय. गाडी शंभर किलोमीटर पळते आणि मीटर त्र्याण्णव दाखवतं. तू त्र्याण्णवला डिझेलनं भागतोस आणि बापाला चोर म्हणतोस.

शंभराला भागलं की साडेअकराचं सव्वाबारा होतं. तेरापर्यंतचं उरलेलं त्या जाड टायरांनी खाल्लं. सापडला चोर. तूच बारामतीला जाऊन पसंत करून आणलेला.

रतनला काही बोललो नाही. तोही बघत होता, पण त्याला वाटलं म्हातारा टायरची झीज बघतोय.

हे पत्र मी रागाच्या नव्हे, आनंदाच्या भरात लिहायला घेतलं होतं. मग अर्ध्यात थांबलो. हे टाकलं तर काय होईल? तू मीटर दुरुस्त करशील, सुकन्याला सांगशील, मला फोन करशील, "तात्या, जरा चुकलंच." झालं. चोर म्हणायचं भर पंगतीत आणि चुकलं म्हणायचं फोनवर? नाही.

शिवाय पशुखाद्यवाल्याकडून तू भाडं किलोमीटरवर घेतोस, मीटर बघून. म्हणजे शंभर पळतोस आणि त्र्याण्णवचं घेतोस. सप्टेंबरपासून. पळ, राजा. खूप पळ. मी इथं ओट्यावर बसून मोजतो.

पत्र भंडाऱ्याच्या डब्यात ठेवतोय.

बिरदेव


डाळज,
२० फेब्रुवारी २०२५

नागेश,

कसा आहेस? गाडी कशी आहे? अ‍ॅव्हरेज?

रतनचं साडेअकराच्या वर जात नाही असं ऐकलं. मला न विचारता कळतात गोष्टी, भिगवणच्या बाजारात सगळे आपलेच आहेत. आता तुझी झोप उडाली असेल. गाडी एकदा शोरूमला नेलीस, इंजेक्टर साफ करून घेतलेस, एअर फिल्टर बदललास, म्हणे. काही फरक? नसेल पडला.

मला तुझ्या गाडीची एक गोष्ट माहीत आहे. तुझ्या मोबाईलला माहीत नाही, शोरूमच्या पोरांनाही माहीत नाही. एका वाक्यात सांगता येईल. पण ते वाक्य मी फक्त बिरोबाच्या देवळात बोलणार, तू चार माणसांत माफी मागितल्यावर. आधी तू, मग मी.

तुझी आई मला रोज टोचते. काल म्हणाली, "सांगून टाका की वो. पोरगं हाय आपलं." मी म्हटलं, "पोरगं हाय म्हणूनच न्हाय सांगत." ती दिवसभर बोलली नाही. त्यालाही तूच कारण आहेस, तेही तुझ्या खात्यावर.

खरं सांगतो, इतकं बरं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. सकाळी चहा घेऊन बसतो. साडेसातला तुझी गाडी हायवेवरून जाताना दिसते, उंच टायर, उंच पिंजरा, तुझं नाव. मी हात वर करतो. रतनला वाटतं त्याला केला.

बिरदेव


डाळज,
१९ मार्च २०२५

नागेश,

काल दुपारी प्रयागबाई आली होती. ओट्यावर चढली नाही. खालीच उभी राहिली.

"तात्या, माझ्या रतनला तुमच्या नागेशनं काढलं."

मी विचारलं, का.

"डिझेल चोरतो म्हनं. इंदापूरच्या हिकडं कुनीतरी तुमाला त्याच्या गाडीत बघितलं जानेवारीत. नागेश म्हनला, म्हाताऱ्यानंच शिकवलं आसनार, दोघं मिळून इकत्यात. पोती उतरायच्या गोठ्याफुडं, गोठ्याच्या मालकासमोर, धा मानसांत म्हनला. आता कुनी त्याला गाडीवर घेत न्हाय. घरात तोंड झाकून पडलाय."

मग तिनं मला विचारलं, "तुमी त्या दिशी कशापायी बसला हुता गाडीत?"

डोळे दाखवायला, म्हणालो. खरंच होतं ते. ती म्हणाली, "व्हय, तेच रतन बी सांगत हुता. पर ऐकतंय कोन?" आणि गेली. सरू तिच्यासाठी पाणी घेऊन आली, तोवर ती वळणापाशी पोचली होती.

सरूनं तो तांब्या माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "प्या आता तुमीच."

तुला शिव्या द्यायला बसलोय आणि लेखणी सारखी माझ्याकडंच वळते. तरी देतो. तुझ्यासारखा गाढव मी बघितला नाही. दोन ड्रायव्हर, दोघांचं अ‍ॅव्हरेज सारखं. शहाण्या माणसाला कळलं असतं की दोष गाडीत आहे. तुला वाटलं, दोघंही चोर. बापावरचा संशय सोडायला लागू नये म्हणून तू दुसरा माणूस चोर केलास. हे मी विसरणार नाही.

आता माझं. सोबत नऊ जानेवारीच्या पत्राची झेरॉक्स आहे. वाच. वरची तारीख नीट बघ. तीस दगड, अठ्ठावीस किलोमीटर, आठ बोटं, सगळं त्यात आहे. मला तेव्हापासून माहीत होतं. रतन शेजारी गाडी चालवत होता, त्याला दोन शब्दांत सांगितलं असतं तर त्यानं तुला सांगितलं असतं, आणि आज तो गाडीवर असता. सत्तर दिवस मी ओट्यावर बसून मजा बघितली. मला तुझं नुकसान बघायचं होतं. झालं त्याचं.

गुढीपाडव्याला, तीस तारखेला, सकाळी नऊ वाजता देवळात ये. मी तुझ्या माफीची अट मागं घेतोय, माझी माफी मागू नकोस. रतनची माग. मीही तिथंच मागणार आहे, आणि मूळ पत्र त्याच्या हातात देणार आहे. तू आलास तर शेजारी उभा राहा. नाही आलास तर एकटा उभा राहीन, आणि तू का नाहीस तेही सगळ्यांना सांगीन.

बिरदेव


डाळज,
३० मार्च २०२५, संध्याकाळ

नागेश,

आला नाहीस.

खरं सांगायचं तर सकाळी मला तेच हवं होतं. तू येऊ नयेस, मी एकट्यानं भंडारा उचलावा, लोकांनी म्हणावं बाप मोठ्या मनाचा आणि पोरगा भित्रा. धुतलेलं धोतर नेसलो, घोंगडी घेतली. इतका सूड मनात घेऊन मी देवळात कधी गेलो नव्हतो.

चाळीसेक माणसं होती. प्रयागबाई खांबाला टेकून, रतन तिच्या मागं. मी भंडारा ओंजळीत घेतला आणि मोठ्यानं बोललो, "रतननं डिझेल चोरलं न्हाय. मी बी चोरलं न्हाय. मीटर कमी मोजतंय, टायर बदलल्यापासनं. आन् हे मला जानेवारीपासनं ठाव हुतं. पोराचा राग हुता म्हनून मी गप बसलो. रतनचं नाव माझ्यामुळं बी गेलं." मग भंडारा एका मुठीत धरून ते पत्र त्याच्या हातात दिलं.

त्यानं तिथंच वाचलं. हळूहळू वाचलं, बोट ठेवून. "जप करतोय" ते वाक्य आलं तेव्हा त्यानं मान वर केली.

"तात्या, मी शेजारी हुतो की तुमच्या. पाक शेजारी."

चाळीस माणसांत मी तुझ्यासाठी तयार ठेवलेलं सगळं बोलणं होतं, रतनसाठी एक शब्द नव्हता.

तुला माहीत आहे, असं झालं की ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं ओंजळीतला भंडारा चिमटीत घेऊन समोरच्याच्या कपाळाला लावायचा. मग ते मिटलं. पुन्हा कुणी काढायचं नाही. मी ओंजळ पुढं करून, मान खाली घालून उभा राहिलो. रतननं चिमूट घेतली. मी वाट बघितली. पुजारी म्हणाला, लाव रं. रतननं खिशातून रुमाल काढला, चिमूट त्यात बांधली आणि रुमाल परत खिशात ठेवला.

"नागेश येऊ द्या," तो म्हणाला, "मग दोघास्नी संगंच लावतो. एकट्याला न्हाय."

आणि आईला घेऊन निघून गेला. कुणी हसलं नाही. तुझा सासरा असता तर तोही हसला नसता.

तर असं आहे. पाच महिने मी तुला देवळात ओढून आणायच्या मागं होतो, आणि आता तू आल्याशिवाय माझं कपाळ कोरंच राहणार आहे. घरी आल्यावर सरूनं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि गुढीला नैवेद्य दाखवायला गेली. जेवताना मला वाढलं.

तू मला चोर म्हणालास ते मी अजून माफ केलेलं नाही. करीन असंही लिहीत नाही. पण ये. बाप म्हणून हुकूम करायला मला आता तोंड राहिलं नाही, म्हणून विनवतो आहे. हा शब्द तुझ्यासाठी मी पहिल्यांदा लिहिला.

पिकअप घेऊन ये, तीच. निघताना मीटर शून्यावर कर. सुकन्याला शेजारी बसव आणि जळोचीपासून डाळजपर्यंत रस्त्याकडेचे दगड मोजायला सांग, दर दगडाला एक खडा. देवळाशी उतरलास की खडे आणि मीटर, दोन्ही रतनला दाखव. माझ्याकडं नंतर ये.

तुझा,
तात्या